धन्याचा आवाज आणि आवाजाचे धनी

कर्ण्यासमोर मान किंचित कलती करून बसलेला तो कुत्रा ज्याने पाहिला नाही असा मराठी माणूस विरळाच. घरात बाजा असो वा नसो, आळीत एकाकडे तरी तो असे आणि त्या बाज्याबरोबर हे चतुष्पाद दैवतही दिवाणखान्यात विराजमान झालेले असे. त्याचे नाव निपर. फ्रान्सिस बॅरॉ या इंग्रज चित्रकाराने त्याला रंगवले तेव्हा तो बिचारा मरून गेलेला होता, आणि त्याच्यापुढे आज दिसतो तो तबकडीचा ग्रामोफोनही नव्हता. होता तो एडिसनच्या पद्धतीचा, मेणाच्या नळकांड्यावर वाजणारा फोनोग्राफ. चित्राला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा लंडनच्या ग्रामोफोन कंपनीच्या व्यवस्थापकाने त्याला सुचवले की, तेवढे यंत्र पुसून आमचे यंत्र काढ, आम्ही चित्र घेतो. बॅरॉने फोनोग्राफवर रंग फिरवला, त्या जागी ग्रामोफोन काढला आणि १८९९ साली चित्र व त्याचे हक्क मिळून शंभर पौंडांना व्यवहार पुरा झाला. मूळ चित्रावर तिरपा उजेड पडला तर नव्या रंगाखालच्या जुन्या यंत्राची रेषा अजून दिसते म्हणतात.

जगातल्या सर्वांत प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेच्या छापाचा जन्मच असा खालचे पुसून वर नवे रंगवण्यातून झालेला आहे. पुढच्या सव्वाशे वर्षांत या धंद्यात जे जे घडले त्याचे हे जणू नांदीचे पद. 'हिज मास्टर्स व्हॉइस' म्हणजे धन्याचा आवाज, हे ठीक. पण त्या आवाजाचा धनी कोण? कारूसोचा, गौहरजानचा, अब्दुल करीमखाँसाहेबांचा आवाज आज कोणाच्या मालकीचा? घराच्या जमिनीचा सातबारा निघतो. गाण्याचा काढायला गेलो तर फेरफारांची नोंद अशी लांबते की तलाठीही हात टेकील.

आरंभ साधा होता. एमिल बर्लिनर या जर्मन वंशाच्या अमेरिकन संशोधकाने सपाट तबकडी शोधून काढली. त्याच्या शोधावर १८९८ साली लंडनमध्ये ग्रामोफोन कंपनी उभी राहिली आणि त्याच वर्षी त्याच्या जन्मगावी, जर्मनीतल्या हॅनोव्हरला, तबकड्या दाबण्याचा कारखाना निघाला. या कंपनीचा फ्रेड गेसबर्ग नावाचा तरुण ध्वनिमुद्रक यंत्राच्या पेट्या घेऊन देशोदेशी हिंडत असे. १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलान शहरातल्या एका हॉटेलच्या खोलीत त्याने एन्रिको कारूसो या तेव्हा उगवत्या इटालियन गायकाची दहा गाणी शंभर पौंडांत उतरवून घेतली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो कलकत्त्याला आला आणि ११ तारखेला त्याच्या कर्ण्यापुढे गौहरजान उभी राहिली. गाणे संपले की ती इंग्रजीत आपले नाव पुकारते: 'माय नेम इज गौहर जान'. पुष्कळांना हा तिचा नखरा वाटतो. कारण अगदी कारकुनी आहे. मेणाचे साचे जहाजाने हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगाराला ठुमरी आणि दादरा सारखेच. कोणत्या तबकडीवर कोणते नाव चिकटवायचे हे कळावे म्हणून गाणाऱ्याने आपले नाव शेवटी सांगायचे.

मिलानचा तो इटालियन आणि कलकत्त्याची ही तवायफ. एकाच माणसाने, एकाच वर्षी, एकाच कंपनीच्या वहीत नोंदवलेले हे दोन आवाज. सख्खी भावंडेच म्हणा ना. पण भावंडांच्या वाटण्या होतात तशा यांच्याही झाल्या. कारूसो दोन वर्षांत अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीकडे गेला, त्यामुळे त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध व्हिक्टरच्या, पुढे आर.सी.ए.च्या, त्यापुढे जर्मनीच्या बर्टेल्समानच्या आणि आता जपानच्या सोनीच्या कोठारात आहे. त्या दहा गाण्यांचा पूर्वार्ध मात्र दुसऱ्याच घरी. आणि गौहरजान राहिली कलकत्त्याला. तिच्याकडे पुढे वळू.

कुत्र्याचीही अशीच वाटणी झाली. अमेरिकेत तो व्हिक्टरचा, जपानात जपानी व्हिक्टरचा, इंग्लंडात आणि आपल्याकडे एच.एम.व्ही.चा. सगळ्यांत मौजेची गोष्ट जर्मनीची. १९१४ चे महायुद्ध पेटले आणि हॅनोव्हरची शाखा लंडनच्या मातृकंपनीला शत्रुराष्ट्रातली झाली. जर्मन सरकारने ती जप्त करून १९१७ मध्ये विकून टाकली. तीच आजची सुप्रसिद्ध 'डॉइच ग्रामोफोन'. तिने कुत्राही ठेवून घेतला! युद्ध संपल्यावर लंडनच्या कंपनीला जर्मनीत पुन्हा दुकान थाटायचे होते. तिने इलेक्ट्रोला नावाची नवी कंपनी काढली, पण स्वतःचाच कुत्रा तिला तिथे लावता येईना. १९४९ मध्ये डॉइच ग्रामोफोनने तो एकदाचा परत दिला आणि आपल्या तबकड्यांवर पिवळा रंग आणि ट्यूलिपच्या फुलांचा मुकुट चढवला. ज्या पिवळ्या लेबलापुढे आज जगभरचे रसिक माना डोलावतात, ते मुळात कुत्रा गेल्यामुळे शोधलेले चिन्ह आहे.

१९३१ साली जगभरच्या मंदीने ग्रामोफोन कंपनी आणि तिची कट्टर प्रतिस्पर्धी कोलंबिया यांना एका मांडवात आणले. या लग्नातून ई.एम.आय. जन्माला आली. कोलंबियाने त्याआधीच बर्लिनची लिंडश्ट्रोम ही पेढी गिळली होती आणि लिंडश्ट्रोमच्या पोटात ओडियन होती. मोठ्या माशाच्या पोटात मधला, मधल्याच्या पोटात धाकटा.

ही ओडियन आपल्याला परकी नव्हे. मिरजेच्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या ज्या तबकड्यांवर तीन पिढ्यांचे कान तयार झाले, 'पिया बिन नहीं आवत चैन' हा झिंझोटी आणि 'जमुना के तीर' ही भैरवी, त्या ओडियनच्या. खाँसाहेब १९०४-०५ च्या सुमारासही ग्रामोफोन कंपनीसाठी गायले होते. पण ती तरुणपणची गाणी. १९३०-४० या दशकातल्या ओडियनच्या तबकड्यांत पिकलेले खाँसाहेब सापडतात. विजेचा मायक्रोफोन तोवर आला होता. कर्ण्यात ओरडायची सक्ती गेली होती आणि ज्याचा सारा जीव स्वराच्या बारीक टोकावर असे अशा गवयाला जणू हवा तो कागद मिळाला होता. तीन-सव्वातीन मिनिटांत राग मांडायचा म्हणजे तांदळाच्या दाण्यावर गीता लिहिण्यातला प्रकार. पण त्या दाण्यावर अक्षर कसे वळणदार उमटले आहे! १९३७ मध्ये मद्रासच्या बाजूला प्रवासात असताना सिंगपेरुमाळ कोईल या आडस्टेशनवर खाँसाहेब वारले. आवाज मात्र प्रवास करीतच राहिला. ओडियनचे लेबल मागे पडले. तीच मुद्रणे कोलंबियाच्या शिक्क्याने निघाली. मग एलपीवर आली, मग कॅसेटीवर, मग सीडीवर, आणि आता खिशातल्या फोनमध्ये आली आहेत. प्रत्येक वेळी वेष्टन नवे आणि बहुतेक वेळी त्यावरचे साल वेष्टनाचे, गाण्याचे नव्हे. आजच्या ॲपवर शोधावे तर १९३७ साली निवर्तलेला माणूस चालू शतकात 'नवा अल्बम' काढताना दिसतो!

आम्हा मराठीच्या मास्तरांना हे दुखणे ओळखीचे आहे. पोथीची नक्कल करणारा आपल्या नकलेचा शक लिहितो आणि पुढे कोणीतरी त्यालाच ग्रंथाचा शक समजतो. ध्वनिमुद्रिकांच्या जगात नकलकार आहेत कंपन्या, आणि कंपन्यांचे मालक नकलेपेक्षाही वेगाने बदलत असतात.

ही मालकांची मिरवणूक एकदा डोळ्यांखालून घालावीच. डॉइच ग्रामोफोन १९४१ पासून सीमेन्स या विजेच्या यंत्रांच्या कारखान्याकडे. १९६२ मध्ये सीमेन्सने हॉलंडच्या, म्हणजे दिव्यांच्या आणि रेडिओच्या, फिलिप्सशी भागीदारी केली. त्यातून पॉलिग्रॅम निघाली. १९८० मध्ये पॉलिग्रॅमने इंग्लंडची मानी डेका कंपनी घेतली. १९९८ मध्ये सारी पॉलिग्रॅमच विकली गेली ती सीग्रॅमला. सीग्रॅमचा धंदा कोणता? व्हिस्कीचा! म्हणजे बाख आणि बेथोव्हेन मद्याच्या पिंपाशेजारी जाऊन बसले. पुढे दोनच वर्षांत सीग्रॅमला फ्रान्सच्या व्हिवांदीने घेतले. व्हिवांदीचे मूळ शोधीत गेले तर १८५३ साली शहरांना नळाचे पाणी पुरवण्यासाठी निघालेली कंपनी हाती लागते. व्हिस्कीत पाणी मिसळले गेले ते असे. या मिश्रणातून आजची युनिव्हर्सल म्युझिक उभी आहे. २०२१ मध्ये ती व्हिवांदीपासूनही वेगळी झाली.

ई.एम.आय.ची कथा अधिक करुण. १९७९ मध्ये थॉर्न या दिवे आणि विजेची उपकरणे करणाऱ्या कंपनीशी संसार, १९९६ मध्ये काडीमोड. २००७ मध्ये टेरा फर्मा नावाच्या गुंतवणूकदारांनी बँकेचे कर्ज काढून तिला विकत घेतले. कर्ज फिटेना, २०११ मध्ये सिटीग्रुप या बँकेने घरदार ताब्यात घेतले. गहाणवट सावकाराने ओढली, दुसरे काय! बँकेला गाण्याशी कर्तव्य नव्हते. २०१२ मध्ये तिने ध्वनिमुद्रणांचा सारा व्यवसाय युनिव्हर्सलला सुमारे एकशेवीस कोटी पौंडांना विकला. तेव्हा युरोपच्या आयोगाला वाटले की एकाच घरात इतके गाणे साठणे बरे नव्हे, आणि त्याने परवानगी दिली ती काही भाग विकून टाकण्याच्या अटीवर. तो भाग २०१३ मध्ये वॉर्नर या अमेरिकन कंपनीने ४८ कोटी ७० लाख पौंडांना घेतला. त्यातच ई.एम.आय.चा अभिजात संगीताचा संपूर्ण विभाग होता.

इथे एक बारीक गोम आहे. वॉर्नरला मुद्रणे मिळाली, ई.एम.आय. हे नाव मिळाले नाही. ते युनिव्हर्सलकडे राहिले. त्यामुळे १९३० नंतर आर्टूर श्नाबेलने वाजवलेले बेथोव्हेनचे पियानो सोनाटे, पाब्लो कासाल्सने चेलोवर वाजवलेले बाखचे सूट, फुर्टव्हेंग्लर, मेन्युइन, मारिया कॅलस, ही सारी मंडळी एका वर्षात 'वॉर्नर क्लासिक्स' झाली. कारूसोची मिलानची ती दहा गाणीही त्यांच्याबरोबर गेली. ज्या कंपनीने ती घडवली तिचे नाव वेष्टनावर छापण्याचाही हक्क नव्या धन्याला नव्हता. फिलिप्सचेही तेच झाले. कारखान्याने आपले नाव वापरण्याचा परवाना आवरता घेतला आणि आल्फ्रेड ब्रेंडेल, क्लॉडिओ आराऊ, कॉलिन डेव्हिस यांच्या पन्नास वर्षांच्या कामावर डेकाचा शिक्का बसला. त्याच डेकाचा, जिच्याशी फिलिप्सची उभी स्पर्धा होती. आमच्याकडे सासरी गेल्यावर मुलीचे नाव बदलायची चाल होती. इथे चाळीस-पन्नास वर्षे संसार केलेल्या म्हाताऱ्यांची नावे बदलली.

मग हे मालक बदलणे सगळे वाईटच का? तसे म्हणणे सोपे आहे आणि अशा लेखांत तसे म्हणण्याची रीतही आहे. पण मारिया कॅलसचे उदाहरण घ्या. या गायिकेने बहुतेक मुद्रणे ई.एम.आय.साठी केली, आरंभीचे काही ऑपेरे मात्र इटलीच्या चेत्रा कंपनीसाठी. चेत्रा आधीच वॉर्नरकडे आली होती. ई.एम.आय.चा भागही तिथे आला आणि कॅलसचे स्टुडिओतले सगळे गाणे प्रथमच एका छपराखाली जमले. २०१४ मध्ये वॉर्नरने ॲबी रोडच्या स्टुडिओत मूळ टेपांवरून ते नव्याने उतरवून एकोणसत्तर सीडींच्या पेटीत बाजारात आणले. दोन मालकांच्या कुंपणाने तुटलेली जमीन सलग झाली तर पीक एकदम घेता येते, हे नाकारून कसे चालेल? मोठ्या कंपन्यांनी गेल्या वीस वर्षांत अशा पेट्यांचा पाऊस पाडला. पेटी घेणारा रसिक खुशीत असतो. ही पेटी म्हणजे बहुधा त्या कलावंताची अखेरची मोजदाद असते. एकदा संपूर्ण विकून झाले की मग तो कलावंत पुन्हा दुकानाच्या दर्शनी भागात येत नाही, हे त्याच्या नंतर ध्यानात येते.

पेटीत काय ओतले जाते हा खरा प्रश्न. या बाबतीत मला विल्मा कोझार्ट फाइन या बाईंची गोष्ट फार आवडते. मर्क्युरी नावाच्या अमेरिकन कंपनीत १९५० नंतरच्या दशकात त्या अभिजात संगीताचा विभाग पाहत. त्यांचे यजमान रॉबर्ट फाइन ध्वनिमुद्रक. सबंध वाद्यवृंदासमोर एकच मायक्रोफोन टांगायचा, पुढे स्टिरिओ आल्यावर तीन, आणि नंतर पाणी घालायचे नाही, हा त्यांचा बाणा. 'लिव्हिंग प्रेझेन्स' या नावाने निघालेल्या त्या तबकड्या ऐकताना वादकांची खुर्ची करकरली तरी कळते अशी ख्याती होती. १९६१ मध्ये फिलिप्सने मर्क्युरी घेतली, बाई थोड्याच वर्षांत बाहेर पडल्या आणि कोठारातल्या टेपा एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात राहिल्या. १९९० च्या सुमारास सीडीवर त्या काढायचे ठरले तेव्हा तत्कालीन मालकांनी एक शहाणपणा केला: बाईंनाच बोलावले. त्यांनी हट्ट धरला की तीन पट्ट्यांच्या त्या टेपा मूळच्या जातीच्या जुन्या यंत्रावरच वाजल्या पाहिजेत. तीन पट्ट्यांचे दोनांत मिश्रण करायला त्या स्वतः बसल्या, कारण तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ते त्यांनीच केले होते. पतीचे तोवर निधन झाले होते. पुनर्मुद्रणाच्या इतिहासात मूळ लेखिकेने स्वतः मुद्रिते तपासण्याचे असे प्रसंग थोडे.

एरवी मुद्रिते तपासायला कोण बसते? जुनी तबकडी खरखरते. ती खरखर काढायला चाळणी लावली की खरखरीबरोबर सारंगीची धारही जाते आणि गवई गोधडीत तोंड खुपसून गात आहे असे वाटू लागते. १९६० नंतर स्टिरिओचे वेड आले तेव्हा एका कर्ण्याने टिपलेल्या मुद्रणांना विजेच्या युक्तीने डावे-उजवे करून 'स्टिरिओ' म्हणून विकले. जुन्या गवयाला स्नानगृहातला घुमारा लावून दिलेल्या आवृत्तीही मी ऐकल्या आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढच्या नकलकारांना बजावले की यात पदरची ओवी घालू नका. पुनर्मुद्रणाच्या खोलीत ही ताकीद फलकावर लिहून टांगावी.

त्यातही सर्वांत मोठा पाठभेद कोणाला दिसत नाही तो गतीचा. आपण सरसकट अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी म्हणतो, पण आरंभीच्या काळात ती सत्तरीपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत कोणत्याही गतीने मुद्रित होत असे. चौऱ्याहत्तर फेऱ्यांवर घेतलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरवर वाजवली की पट्टी जवळजवळ अर्ध्या सुराने चढते. पांढरी एकचा गवई काळी एकमध्ये गाऊ लागतो. तान असते त्याहून चपळ होते. आवाज बारीक होतो आणि समीक्षक लिहितात की त्यांचा आवाज मोठा पातळ होता! तबकडीवर गतीचा आकडा नसे. पट्टी ठरवायची तर त्या गवयाच्या इतर तबकड्या, साथीच्या पेटीचा सूर, जाणत्यांच्या आठवणी, असा सगळा पुरावा गोळा करावा लागतो. हे काम पदरमोड करून करतात ते संग्राहक. कंपनीच्या ताळेबंदात या श्रमाला रकाना नाही.

संग्राहकांनी केलेले काम आणि कंपन्यांचे हक्क यांची टक्कर एकदा न्यायालयातही झाली. हाँगकाँगला क्लाउस हायमान यांनी १९८७ मध्ये काढलेली नॅक्सॉस ही स्वस्त आणि चांगल्या सीडींची कंपनी. तिने मेन्युइनने १९३२ मध्ये वाजवलेले एल्गारचे व्हायोलिन कन्चेर्तो, कासाल्सचे बाख, एड्विन फिशरचा पियानोवरचा बाख, ही मुद्रणे जुन्या तबकड्या मिळवून, साफसूफ करून विकायला आणली. इंग्लंडात पन्नास वर्षांची मुदत संपून ती खुली झाली होती. अमेरिकेत मात्र ई.एम.आय.च्या कॅपिटॉल या शाखेने दावा लावला आणि २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायासनाने कौल दिला की जन्मभूमीत मुदत संपली असली तरी आमच्या राज्यात या मुद्रणांचे हक्क जिवंत आहेत. तेव्हापासून अशा सीडींवर 'अमेरिकेत विक्रीसाठी नाही' असे छापलेले दिसू लागले. पुढे २०१८ च्या कायद्याने अमेरिकेनेही मुदती आखल्या, आणि १९२३ पूर्वीची मुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी तिथे खुली झाली. युरोपने मधल्या काळात पन्नासाची सत्तर वर्षे केली. आपल्याकडे प्रकाशनापासून साठ वर्षे. म्हणजे खाँसाहेबांचा झिंझोटी कायद्याने केव्हाच तुमचा-आमचा झालेला आहे. पण हक्क खुला होणे वेगळे आणि वस्तू हाती लागणे वेगळे. चांगल्या स्थितीतली तबकडी किंवा मूळ धातूचा साचा ज्याच्या कपाटात, तो आजही धनीच.

आता कलकत्त्याकडे वळू. ग्रामोफोन कंपनीने १९०८ मध्ये सियालदहला कारखाना काढला आणि हॅनोव्हरचा वळसा संपला. वीस वर्षांनी ती डमडमला गेली. बालगंधर्वांची पदे, हिराबाईंची भजने, असा सारा मराठी संसार त्या बंगाली गावात दाबला जाऊन गाड्या भरभरून इकडे येत असे. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यावर ई.एम.आय.ने या भारतीय शाखेवरचा ताबा गोएंकांच्या उद्योगसमूहाला दिला आणि २००० साली तिचे नाव 'सारेगामा' झाले. त्यामुळे २०१२ च्या त्या लिलावात गौहरजान नव्हती. तिचा मिलानचा भाऊ बँकेच्या कचाट्यातून अमेरिकेला गेला आणि ही कलकत्त्यालाच राहिली.

सारेगामाने २०१७ मध्ये 'कारवाँ' नावाचा रेडिओसारखा डबा आणला. आत पाच हजार जुनी हिंदी सिनेगीते भरलेली. तो धडाक्याने खपला. जुने विकले जाते हे त्यातून सिद्ध झाले. पण विकले जाणारे जुने म्हणजे सिनेमाचे जुने. ख्यालाचे, ठुमरीचे, कीर्तनाचे जुने ऐकणाऱ्याला अजून निवडक संग्रहांवर भागवावे लागते, आणि निवड करणारा तेच पाच-पन्नास तुकडे पुन्हा पुन्हा निवडतो. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या हजारो तबकड्यांपैकी ज्यांना एलपीचा पुनर्जन्मही मिळाला नाही त्यांचे मोक्षपद अजून दूर आहे.

तरी एका अर्थाने त्या भाग्यवान, कारण त्यांना धनी आहे. मुंबईत वडाळ्याला १९३५ च्या सुमारास 'यंग इंडिया' नावाची स्वदेशी बाण्याची तबकडी निघू लागली. नवख्या कलावंतांना, शाळामास्तरांना, कीर्तनकारांना, नकलाकारांना तिने दार उघडले. वीसएक वर्षांनी, १९५५ मध्ये, ती बंद पडली. तिला कोणी बड्याने गिळले नाही, म्हणून तिचे वेष्टन बदलून पेटी काढणाराही कोणी उरला नाही. हे काम अखेर संग्राहकांनी केले. १९९० मध्ये मुंबईत रेकॉर्ड-संग्राहकांची संस्था स्थापन झाली होती. तिच्या धडपडीतून आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने यंग इंडियाच्या तबकड्यांच्या डिजिटल प्रती झाल्या. ज्याला माशाने गिळले तो माशाच्या पोटात का होईना शिल्लक राहतो. ज्याला गिळले नाही त्याला शोधायला जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगापुढे उकिडवे बसावे लागते.

आणि ज्यांनी कर्ण्यापुढे उभे राहायचेच नाकारले, किंवा ज्यांच्यापर्यंत तो पोचला नाही? भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ मध्ये. दोघांचीही तबकडी नाही. खाँसाहेबांचे गाणे ऐकायचे ते त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून. त्यांतल्या अग्रणी सूरश्री केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरी गावच्या. त्यांनी मोजक्या तबकड्या दिल्या. पुढे मुद्रणाविषयी त्या फार कडक झाल्या. त्यांतली 'जात कहाँ हो' ही भैरवी बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडायचे ठरवले. त्यांवर पृथ्वीचा आवाज म्हणून एक सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवायची होती. हिंदुस्थानी संगीतातून काय घ्यावे असे विचारता रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञांनी ही भैरवी अग्रक्रमाने सुचवली. तबकडी कुठे मिळेना. एवढ्या मोठ्या राष्ट्राची अंतराळसंस्था, आणि केसरबाईंची एक रेकॉर्ड सापडत नाही! शोधता शोधता न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, पत्ते खेळायच्या टेबलाखाली ठेवलेल्या एका खोक्यात तिच्या न उघडलेल्या तीन प्रती निघाल्या. त्यावरून ती भैरवी सुवर्णतबकडीवर गेली. पहिले यान २० ऑगस्टला सुटले, दुसरे ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या.

त्या सुवर्णतबकडीच्या वेष्टनावर ती कशी वाजवायची याची आकृती कोरली आहे. सुई कुठे टेकवायची ते दाखवले आहे. आणि गती सांगितली आहे: मिनिटाला सोळा पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्या. ऐकणाऱ्याला मिनिट ठाऊक असेल-नसेल म्हणून हायड्रोजनच्या अणूच्या घडामोडीला लागणारा काळ हे माप धरून ती कोरली आहे. पट्टी चुकायला जागा ठेवलेली नाही.